मॅडमचा ‘ण’

मॅडम आज सकाळी गेल्या, आणि रडू यायच्या आधी मला त्यांचा राग आला.

असं जातं का कोणी, समोरच्याला अर्ध्यात टांगून?

उल्हासनगरच्या डीएड कॉलेजातल्या आमच्या सुनंदा मॅडम. बुवापाड्याच्या वस्तीतल्या माझ्यासारख्या मुली, ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी टीचर होणार होतं, त्यांना शहरातल्या शाळांसाठी तयार करायचं, हेच त्यांनी आयुष्यभर केलं.

लेसन प्लॅन वगैरे नंतर. आधी ‘ण’.

"शिक्षण म्हण."

"शिक्षन."

"पुन्हा! ज्याच्यावर पोट भरणार आहेस तो शब्द तरी नीट बोल, बाई."

जीभ दुखायची अक्षरशः. घरी चुकून ‘पाणी’ म्हटलं की आई म्हणायची, "आल्या बाईसाहेब!"

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. "इंटरव्ह्यूत तुझे मार्क कोण बघतंय? तू तोंड उघडलंस की तुझी वस्ती बघतील."

नोकरी लागली. उल्हासनगरातच, कॅम्प दोनच्या शाळेत. मॅडमचंच खरं, असं मी धरून चालले.

मग या गुरुवारी तिसरीतल्या एका मुलीने वर्गात मोठ्याने वाचलं, "नदीचं पानी."

सगळा वर्ग खो-खो हसला.

तिने पुस्तक मिटलं. "टीचर, माझं चुकलं का?"

"सांगते हं," एवढंच म्हटलं, आणि शाळा सुटल्यावर तडक मॅडमकडे गेले, बदलापूर गावात.

दार वाजवलं तर आतून आवाज आला, "कोन हाय गं? थांब, पानी भरतेय."

मला वाटलं त्यांची बहीण असेल. दार उघडलं तर मॅडम स्वतः!

"मॅडम, तुम्ही... ‘पानी’?"

"घरात कसला आलाय ण?" हसल्या. "माझी आई असंच बोलायची."

"मग आम्हाला कशाला एवढं रगडलंत?"

"तुला नोकरी हवी होती ना?"

मी वर्गात झालेलं सांगितलं. "आणि त्या पोरीला काय सांगू? चूक म्हणू की बरोबर?"

मॅडमनी आधी आत जाऊन नळ बंद केला. मग म्हणाल्या, "मला जरा विचार करू दे. रविवारी ये."

आज शनिवार आहे.

दुपारी त्यांच्या घरी शबाना भेटली, माझी बॅचमेट, अंबरनाथला शिकवते. तिला हे सगळं सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"ण? यार, मला तर कधीच टोकलं नाही. मला म्हणायच्या, तू बोलतेस तसंच बोल, पोरं तुझ्याजवळ येतील."

घ्या!

मग मलाच का? माझं काय चुकत होतं? की तेव्हा त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं? डोकं बंद पडलंय माझं. ज्यांना विचारायचं त्या तिथे पांढऱ्या चादरीखाली, आणि बाजूला लोक त्रिसरण म्हणतायत.

त्या मुलीने काल वर्गात एक शब्द वाचला नाही. आज शाळेत आलीच नाही म्हणे.

सोमवारी ती नाही आली तर मी तिच्या घरी जाणार आहे. आली तर आधी तिलाच वाचायला उभं करणार. ती पुन्हा ‘पानी’ म्हणाली तर काय करायचं, मला खरंच माहीत नाही.

पण कोणी हसलं तर त्याची खैर नाही.

जय भीम, मॅडम. निघा आता. आम्ही बघतो.