ग्रेसीची तीन मिनिटं

आज शनिवारी सकाळी अकरा वाजता आमच्या सभागृहात गास गावच्या ग्रेसीला स्पर्धेतून बाद केलं.

पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी आपलं संशोधन गावकऱ्यांना तीन मिनिटांत सांगायचं होतं. ग्रेसीचा विषय होता १९५०च्या दशकात केळी वाळवायच्या कामासाठी शाळेतून काढलेल्या वसईच्या मुली. तिने विचारलं, “अशी कोणी इथे आहे?”

माझी कॉन्व्हेंटातली वर्गमैत्रीण सेसिल उठली. “मी हाय. चौथीतून काढली बापानं. आजवर कोनी विचारलं नव्हतं, बाय.”

ती बोलत राहिली, ग्रेसी ऐकत राहिली आणि तीन मिनिटं संपल्याची घंटा वाजली.

तिला बाद करताना परीक्षक म्हणाले, “श्रोत्यांनी मध्ये बोलायचं नसतं.”

मैत्रिणींनो, मग आपल्याला बोलावलं कशाला, टाळ्या वाजवायला?

आयोजकांनो, ग्रेसीला पुन्हा तीन मिनिटं देणार की नाही, ते उद्या सकाळच्या चर्चमधल्या मिस्सापूर्वी लेखी कळवा.