मॅडमच्या तासाची बोहनी

सत्तावीस वर्षं मी हदगावात अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवलं, तेही एकाच वहीवरून. त्यामुळं तासिका तत्त्वावर आलेल्या नव्या मॅडमनी उद्योजकतेच्या तासाला टीव्हीवरचा कार्यक्रम लावला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. त्या कार्यक्रमात तरुण पोरं आपला धंदा मांडतात, समोर खुर्च्यांवर बसलेले पैसेवाले उलटसुलट विचारतात आणि पटलं नाही की ‘मी बाहेर’ म्हणून मोकळे होतात. मॅडम मध्येच चित्र थांबवायच्या आणि विचारायच्या, “आता तुम्ही काय उत्तर दिलं असतं?”

त्यांचा वर्ग गच्च भरायचा. माझ्या तासाला मागची बाकं जांभया द्यायची. जळलो मी, खोटं कशाला बोलू? प्राचार्यांचे कान भरले, “टीव्हीच बघायचा तर पोरं घरी काय वाईट होती?” ते म्हणाले, “शनिवारी येऊन बघतो. तमाशा दिसला तर मॅडमचे तास बंद.” तासिकेवरच्या माणसाला काढायला वेळ कितीसा लागतो!

शनिवारी मॅडमनी तो खेळ वर्गातच मांडला. तीन खुर्च्या ठेवल्या. एकीवर मोंढ्याच्या धान्यबाजारातले आडत व्यापारी, दुसरीवर बसस्टँडसमोरच्या खानावळीच्या मालकीणबाई आणि तिसरीवर मॅडमनी चक्क मला बसवलं. प्राचार्य दारात हाताची घडी घालून उभे होते.

पहिलीच पोरगी उठली. तिच्या अब्बांचं गाद्या भरायचं दुकान. तान्ह्या बाळाची छोटी कापसाची गादी तिनं टेबलावर ठेवली आणि टीव्हीतल्यासारखं घडाघडा बोलली.

“फोमची स्वस्त मिळती की. मी बाहेर,” व्यापारी म्हणाले.

“लेकरू वर्षात मोठं होतंय. मग हिचं काय करू बाई? मी बी बाहेर,” मालकीणबाई म्हणाल्या.

“नुसतं पाठ करून बोलून राहिलीस. मी बाहेर,” मी म्हणालो, आणि मनात खूश झालो.

टीव्हीत अशा वेळी माणूस धन्यवाद म्हणून निघून जातो. पोरीनंही गादी उचलली आणि दाराकडं निघाली. प्राचार्य हसले. मॅडम मात्र हातातला खडू बोटांत फिरवत उभ्या होत्या.

पोरगी दारातून माघारी फिरली.

“असं कसं काका? बोहनीचं गिऱ्हाईक अब्बा रिकाम्या हातानं जाऊ देत न्हाईत.” तिनं गादी थेट व्यापाऱ्यांच्या मांडीवर ठेवली. “दाबून बघा. फोम बसला की फेकावा लागतो. कापूस पुन्हा पिंजला की नव्यावाणी होतो.” मग मालकीणबाईंकडं वळून म्हणाली, “मावशी, लेकरू मोठं झालं की आणून द्या. त्याच कापसाची उशी करून देते, त्याच्याच डोक्याखाली घ्यायला.”

मग माझ्याकडं बघून म्हणाली, “आन् सर, पाठ करायची सवय तुमच्याच तासाची हाय.”

वर्ग असा खदखदून हसला म्हणता! माझे कान लाल झाले. पण आयला, पोरगी खरं बोलली होती. सत्तावीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं मला असं उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि त्याला मी शिस्त समजत होतो.

व्यापारी अजून गादी दाबत होते. “एक बनव,” ते म्हणाले. “लेक बाळंतपणाला आलीय.”

“हाव काका, झाली बोहनी!” पोरीनं त्यांच्या मांडीवरची गादी उचलून कपाळाला लावली, आणि वर्गानं टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. प्राचार्य आत आले, मॅडमना म्हणाले, “पुढच्या शनिवारी मलाही एक खुर्ची ठेवा.”

वर्ग रिकामा झाल्यावर मी मॅडमजवळ गेलो. म्हणालो, “मॅडम, तुमची तक्रार मीच केली होती.”

त्या फळा पुसत होत्या. म्हणाल्या, “ठाऊक होतं सर. म्हणूनच तर तुम्हाला खुर्चीवर बसवलं.”