शांताबायचा कंदील

फेरीबोट धक्क्याच्या उताराकडे यायची सोडून डावीकडच्या खडकांकडे येत होती. तिच्यात माझी बायको आणि पाच वर्षांची मुलगी होती. मी केलेलं लायटिंग बघायला येत होत्या.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. तेरेखोलच्या धक्क्यावर बाकं, झाडं आणि उजेड करायचं काम माझ्यासारख्या ज्युनियर इंजिनियरकडे आलं होतं. मी चार फ्लडलाइट लावले. तोंडं नदीकडे, म्हणजे पलीकडून येणाऱ्या साहेबांना लांबूनच झगमगाट दिसावा. धक्क्याच्या तोंडाशी चहावाल्या शांताबायचा कंदील टांगलेला असे. तो डिझाइनमध्ये बसेना. सकाळीच उतरवायला लावला.

"सायबानू, बाबल त्या कंदिलार नजर धरून बोट लायता," ती म्हणाली होती. बाबल म्हणजे बोटीचा पायलट.

"आता चार सूर्य आहेत, बाय!"

दिवेलागणीला टायमरने ते चारही सूर्य बाबलच्या डोळ्यांत उगवले. आमच्या भाषेत याला ग्लेअर म्हणतात. दिवा दिसतो, बाकी काही दिसत नाही. बोटीने तीनदा भोंगा दिला.

"सायबा, दिवे पालवा आदी!" शांताबाय ओरडली. पालवा म्हणजे विझवा.

स्विचच्या पेटीला कुलूप होतं. नव्या पँटचा खिसा फुगतो म्हणून चावी मी सकाळी बायकोच्या पर्समध्ये टाकली होती. म्हणजे चावी बोटीवर.

चिरा उचलून कुलपावर हाणला. चिराच फुटला. खांबांचे खड्डे खणायची पहार दिसली. तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं आणि मी स्विच ओढला.

मिट्ट काळोख. फक्त इंजिनाचा आवाज, जवळ जवळ येणारा. कोणीतरी रडत होतं. बहुधा मीच.

शांताबायने कंदील पेटवून जुन्या जागी उंच धरला. आवाज हळूहळू उजवीकडे वळला. बोटीची लोखंडी फळी धक्क्यावर खरखरली. एवढं गोड संगीत मी पुन्हा ऐकलं नाही.

बाबल घाम पुसत उतरला. "माका माझो काळोख परत होयो, सायबा. उजेड पायांक दाखवा, माझ्या डोळ्यांक नको."

बायकोने पर्समधून चावी काढून माझ्या हातावर ठेवली.

पुढे फ्लडलाइट गेले. गुडघ्याएवढे, टोपी घातलेले दिवे आले. उजेड फक्त पायऱ्यांवर आणि बाकांवर. नदीच्या बाजूला कण्हेरीची रांग. संध्याकाळी गावातली म्हातारी माणसं तिथे टेकू लागली. कंदिलाला ड्रॉइंगमध्ये रीतसर नंबर मिळाला.

दिवा लावण्याआधी तिथल्या काळोखात कोण काय बघतं, ते विचारावं. आणि चावी आपल्याच खिशात ठेवावी. माझा अजून फुगलेला असतो.