बाहुलीला लाज नसते

ठाकुर्लीला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक बाई दुपारी बायकांना इंग्रजी शिकवतात. जुन्या मोज्यांना बटणांचे डोळे शिवून त्यांनी बाहुल्या केल्यात. आधी हात मोज्यात घालायचा, मगच तोंड उघडायचं. "बाहुलीला लाज नसते. चुकली तर ती चुकली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एरवी त्या हळू, जपून बोलतात. मोजा चढवला की आवाज खणखणीत होतो. हे होतं कसं, ते बघायलाच मी जाते म्हटलं तरी चालेल.

परवा नवऱ्याचं नाव इंग्रजीत सांगायचं होतं. जुन्या गावठाणातल्या काकू अडल्या. "त्यांचा नाव मी कसा घेऊ गो? आजवर उखाण्यातच घेतलाय."

"तुम्ही नका घेऊ. ही घेईल," बाईंनी काकूंच्या बाहुलीकडे बोट केलं.

काकूंनी तोंडाला पदर लावला आणि मोज्याचा हात पुढे केला. बाहुलीने नाव ठणकावून सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग काकूंना चेवच आला. त्यांनी बाहुली थेट बाईंच्या बाहुलीसमोर नेली. "टीचर, व्हॉट इज युवर हजबंड नेम?"

बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र आहे. दारावरच्या पाटीवर मात्र एकट्या त्यांचंच नाव. घरात पुरुष माणूस मी कधी पाहिलेला नाही, आणि विचारायचा धीरही झालेला नाही.

बाईंच्या बाहुलीने तोंड उघडलं. आम्ही सगळ्या पुढे झुकलो. तिने ते तसंच मिटलं.

बाईंनी मोजा उतरवला, त्याची नीट घडी केली आणि हळू, जपून म्हणाल्या, "आज इतकं पुरे."