खालून पाहण्याचे काम

धानोऱ्याचे मिस्त्री कुठल्याही बाकावर बसण्यापूर्वी वाकून त्याच्या पोटाखाली पाहत, लग्नाच्या मंडपातसुद्धा. "वरथून कोन्हीबी देखस, मास्तर. खालथून देखा," हे त्यांचे ठरलेले वाक्य. लोक याला चक्रमपणा म्हणत. लोक चुकत होते.

धडगावच्या घाटात माझ्या पुतण्याने प्रवाशांसाठी खोल्या बांधल्या आणि दरीच्या तोंडावर लाकडी डेक काढला. त्यावर चार बाकं पक्की बसवायला मिस्त्रींना मीच नेले. त्यांनी चार दिवस उगाच घालवले, असे पुतण्या आजही सांगतो. उगाच नव्हे. पहिला दिवस ते फळ्यांवर बोटांची पेरं आपटत फिरले. खालची कडी, म्हणजे फळ्या तोलणारे आडवे लाकूड, कुठून जाते, हे त्यांना आवाजावरून कळे. गेरू संपला तेव्हा स्वयंपाकघरातल्या तिखटात सुतळी घोळून त्यांनी रेघा मारल्या. वाऱ्याने सगळा डेक शिंकू लागला.

"मिस्त्रीबाबा, चार स्क्रू मारा नि मोकळा व्हा!" पुतण्या ओरडला.

मिस्त्री नाक पुसत म्हणाले, "भाऊ, तू फळीले धरी ऱ्हायना. आठला, या घाटना वारा बाकले धरस."

मग त्यांनी फळी आणि कडी दोन्ही भेदून बोल्ट घातले, आणि नट सुटू नये म्हणून प्रत्येक टोक खालून हातोडीने चेचले.

गेल्या चैत्रातल्या वावटळीत एक बाक उलटले; त्यावर बसलेल्या बाईंचा हात मोडला. म्हाताऱ्याचे काम कच्चे, असे पुतण्याने घाटभर पसरवले. नवापूरला लेकीकडे अंथरुणाला खिळलेल्या मिस्त्रींच्या कानीही ते गेले. त्यांचा फोन आला. आयुष्यभर कुणालाही न जुमानणारा माणूस मला विचारत होता, "मास्तर, मन्हाच हातनी चूक झायी का?"

मी, वय वर्षे शहात्तर, डेकखाली उताणा सरपटत गेलो. तीन बाकांचे बोल्ट जागच्या जागी. चौथ्याच्या जुन्या भोकांत कापलेल्या बोल्टांचे तुकडे. फोटोसाठी दरी चांगली दिसावी म्हणून पुतण्याने ते बाक दोन हात पुढे ओढून नुसत्या फळीत स्क्रू मारले होते.

फोनवर सांगितले. मिस्त्रींनी विचारले, "बाकीना तीन?"

"तसूभर हललेली नाहीत."

"मंग त्या तिन्हीस्ले कोन्हा हात लागू देऊ नका."

आठ दिवसांनी मिस्त्री गेले.

आज पुतण्या ती तिन्ही उखडून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडणार आहे. त्याने खुशाल यावे. मी सकाळपासून मधल्या बाकावर बसलो आहे. वाकून, खाली पाहूनच बसलो आहे.