नवी चेन, झिजलेले दात
चेनच्या तेलाचा वास आला की बंगळुरूच्या बसवनगुडीतला तो चढ आठवतो. ताईने आदल्या दिवशी माउंटन बाइकला नवी चेन बसवली होती, पण मागची दातेरी चक्रं जुनीच ठेवली होती. चढावर ती पेडलवर उभी राहिली आणि झिजलेल्या दातांवरून चेन खाडकन घसरली. ताई रस्त्यावर आडवी झाली. बाजूने येणाऱ्या बसने करकचून ब्रेक लावला. ती थांबली तेव्हा तिचं चाक ताईच्या हेल्मेटला टेकलं होतं. मागे मी सायकलवर तसाच थिजलो. ड्रायव्हर धावत उतरला आणि "अक्का, अक्का!" म्हणत तिथेच मटकन बसला. ताई उठली आणि तिने त्यालाच पाणी पाजलं. मग मला म्हणाली, "अरे, श्वास घे." ती आजही तो चढ चढते. मी मात्र तिच्या पुढे राहतो. मागून बघवत नाही.