म्हस्कूची बोळकी

निरवांगीच्या म्हस्कूची बारामतीत दोन गोष्टींसाठी ओळख होती. विहिरीवरची जळालेली मोटार त्याच्याइतकी नीट कुणी भरत नसे, आणि काम करताना त्याच्याइतकं कमी कुणी बोलत नसे. बाप जन्मभर मेंढरांमागं हिंडला. थोरल्या भावानं मेंढरं विकून डाळिंब लावलं. म्हस्कूनं बारामतीलगत जळोचीत पत्र्याचं एक शेड भाड्यानं घेतलं आणि तिथं तांब्याच्या तारा गुंडाळत बसला. आठवड्यातून एकदा गावी जायचा. घरची माणसं वाईट मुळीच नव्हती. पण डोक्यात काय चाललंय हे विचारायची त्या घरात रीतच नव्हती. जेवला का, एवढं विचारलं की विचारपूस झाली.

आणि डोक्यात तर पुष्कळ काही चाललं होतं. मोटारी जळतात कशानं, तर लोक वीज आली की बटण दाबतात आणि खुशाल झोपतात. झाड बुडालं काय, मोटार तापली काय, कुणाला पर्वा? म्हस्कूला वाटे, माणूस तहान लागल्यावर पाणी मागतो, तसं जमिनीनंच मागितलं तर?

त्यानं इंदापूरच्या तात्याबा कुंभाराकडून मातीची लहान बोळकी भाजून आणली. बोळक्यात पाणी भरायचं, तोंड नळीनं घट्ट बंद करायचं आणि ते झाडाच्या मुळाशी पुरायचं. जमीन कोरडी झाली की ती बोळक्यातलं पाणी ओढून घेते. त्या ओढीनं नळीच्या टोकाचं बटण पडतं आणि मोटार सुरू होते. जमीन भिजली, ओढ सुटली, की मोटार बंद. सांगायला चार ओळी लागल्या. करायला आठ वर्षं लागली. कारण बोळकं फार पक्कं भाजलं तर पाणी सोडत नसे, कच्चं राहिलं तर आठवड्यात विरघळे. मातीत भुसा घालून झाला, राख घालून झाली. शेवटी मेंढरांच्या वाळलेल्या लेंड्या चाळून घातल्या. भट्टीत लेंडी जळून जाते आणि मातीत नेमकी हवी तेवढी बारीक भोकं ठेवते. बापाच्या धंद्यातलं काहीतरी कामाला आलं, असं त्याला वाटलं, पण हे सांगायला बाप उरला नव्हता.

ज्या दुपारी मोटार पहिल्यांदा आपणहून सुरू झाली, त्या दुपारी तो भावाच्या डाळिंबाच्या बांधावर एकटाच उभा होता. डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी त्यानं बायकोला, बानूबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं झालं. आता भाकर खावा."

तरी मोठी अडचण उरलीच होती. एका भट्टीत दहा बोळकी लावली तर एक साधायचं, नऊ वाया जायची. कधी आच कमी, कधी जास्त. तात्याबा तरी काय करणार, तो डोळ्यांनीच जाळ बघायचा. उष्णता मोजता येईल अशी स्वतःची भट्टी हवी होती. ती झाली तर बोळक्यांचा कारखाना निघेल, नाहीतर जन्मभर मोटारी भरायच्या, हे म्हस्कूला स्वच्छ कळत होतं.

अठ्ठ्याण्णव साली कॉलेजातले फिजिक्सचे सर पंखा दुरुस्तीला आले आणि कोपऱ्यातली बोळकी बघून तिथंच बसले. दिल्लीच्या एका खात्यानं नवी योजना काढली आहे, असं ते म्हणाले. लहान धंदेवाल्याला, एकट्या माणसालाही, शोध लावायला सरकार पैसे देतं.

"व्याज किती?" म्हस्कूनं विचारलं.

"अहो, कर्ज नाही हे. परत करायचं नाही. शोध फसला तरी चालतो."

"फसला तरी?" म्हस्कू हसला. "सर, सरकार हाय का धर्मशाळा?"

त्याचा विश्वास बसलाच नाही. सरांनी मात्र हौसेनं इंग्रजीत अर्ज लिहिला, आठ वर्षांची मेहनत दहा पानांत बसवली आणि पाठवून दिला. पाच महिन्यांनी पत्र आलं. दिल्लीचे एक साहेब आणि पुण्याच्या एक शास्त्रज्ञ बाई काम बघायला येणार होत्या.

मग गडबड उडाली ती एखाद्या मुलीला पाहुणे बघायला यावेत तशी. सर परगावी परीक्षेच्या कामाला गेलेले, काय दाखवायचं ते सांगणारं कुणी नाही. बानूबाई निरवांगीहून आली, शेड झाडलं, चुन्यानं रंगवलं, दारात सडा घातला. मागच्या भिंतीला फसलेल्या बोळक्यांची रास होती: एकशे त्रेचाळीस. प्रत्येकावर खिळ्यानं नंबर कोरलेला, आणि कोणतं कशानं बिघडलं ते एका वहीत लिहिलेलं.

"पाव्हण्यांम्होरं फुटकी भांडी ठेवत्यात व्हय?" बानूबाई म्हणाली. "काय म्हणतील?"

म्हस्कूलाही ते पटलं. त्याच्या माणसांत पाहुण्याला फुटक्या कपात चहासुद्धा कुणी दिला नव्हता. त्यानं स्वतः घण घेतला, सगळी बोळकी कुटून बारीक केली आणि तो चुरा रस्त्यावरच्या खड्ड्यात टाकला. वही चुलीत गेली. टेबलावर साधलेली अकरा बोळकी मांडली, त्यांना हळदकुंकू लावलं.

पाहुणे आले. भावाच्या बागेत मोटार चालू होताना आणि बंद होताना त्यांनी पाहिली. दिल्लीच्या साहेबांनी मान डोलावली. शेडमध्ये परतल्यावर बाईंनी टेबलावरचं एक बोळकं हातात घेतलं, बोटानं वाजवलं, आणि उन्हाकडं धरून किती तरी वेळ बघत राहिल्या. तसं आजवर कुणी बघितलं नव्हतं.

"हे जमायच्या आधी किती फसली?" बाईंनी विचारलं.

"एक बी न्हाय," म्हस्कू ताठ उभा राहून म्हणाला.

"एकही नाही?"

"न्हाय मॅडम. समदी पयल्या झटक्यात."

बाईंनी बोळकं जपून टेबलावर ठेवलं. बानूबाईनं त्यांची खणानारळानं ओटी भरली. साहेब जीपमध्ये बसले, तरी बाई मागं थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आठ वर्षं लागली ना तुम्हाला? मग त्या आठ वर्षांत काय काय झालं, ते मला सांगा."

सगळं ओठांवर आलं होतं. भुसा, राख, लेंड्या, इंदापूरच्या खेपा, ती दुपार. पण दारात बायको उभी होती, शेजारपाजारची माणसं बघत होती, आणि चांगलं चाललेलं बिघडवायचं कशाला, असं त्याला वाटलं.

"काय इशेष न्हाय, मॅडम," तो म्हणाला.

महिन्यानं आलेलं पत्र सरांनी वाचून दाखवलं. उपकरण तयार आहे, चांगलं आहे, एकही बोळकं फसलं नाही असं अर्जदार स्वतः सांगतो, तेव्हा संशोधन करण्यासारखं त्यात काही शिल्लक दिसत नाही. सबब अनुदान देता येत नाही. अर्जदारानं उत्पादनासाठी बँकेकडं जावं. सरांनी पत्राची घडी केली आणि फसलेली बोळकी दाखवलीत ना, असं विचारलं. म्हस्कूनं काय केलं ते सांगितलं. सर कपाळावर हात मारून बसले.

"अहो, त्यांना तीच बघायची होती! नऊ का बिघडतात, हे शोधायलाच तर पैसे मागितले होते आपण. त्या बाईंनी स्वतः तोंडानं विचारलं, तरी का नाही सांगितलंत?"

म्हस्कूच्या मांडीवर कुणाची तरी जळालेली मोटार होती. तो पक्कडीनं तिची काळी पडलेली तार उपसत राहिला.

"सर, कुणी इचारलंच नव्हतं कधी," तो म्हणाला. "इचारल्यावर सांगायचं असतं, ही सवयच न्हाय मला."